टवटवी

सांगलीत आता कुणाच्याच डोळ्यांच्या कडेला सुरकुती उरली नव्हती. भाजीवाल्या, बँकेतले साहेब, निवृत्त मास्तर, सगळ्यांचा नाकाच्या वरचा चेहरा पंचविशीतला होता. खरं वय ओळखायचं तर मानेकडे नाहीतर हातांकडे बघावं लागे.

वृषाली इंगवले साठीला आली होती आणि तिचं स्वतःचं पाळणाघर होतं. चौकशीला आलेल्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "सगळ्या मावश्यांनी टवटवी केलीय ना?" केली होती. मुलांसमोर कपाळाला आठ्या घालून वावरायचं नाही, हा वृषालीचा जुना नियम. टवटवी निघाल्यावर तिनेच ती मावश्यांना सक्तीची केली होती.

टवटवी हे लोकांनी दिलेलं नाव. शास्त्रज्ञ तिला सजग जेल म्हणत. पूर्वीसुद्धा डोळ्यांखालचे खळगे आणि कपाळावरच्या रेघा जेल टोचून भरत असत. त्याला कापाकापी लागत नसे. पण ते जेल बिचारं टोचलं तिथे बसून राही, आणि माणूस हसला की डोळ्यांच्या कडेला घडी पडायची ती पडायचीच. सजग जेलचे कण मात्र सब्जाच्या बियांसारखे होते. सब्जा पाणी मिळताच फुगतो. हे कण कातडीखालचा स्नायू आखडू लागला की तो ताण ओळखून तिथल्या तिथे फुगत आणि घडी पडायच्या आत जागा भरून काढत. स्नायू सैल पडला की पुन्हा बारीक होत. आत स्नायू धडपडत राही, वर काही दिसत नसे. तोंडाला मात्र हे जेल टोचत नसत, नाहीतर खाणंबोलणं अडलं असतं.

हे सगळं वृषालीला ठाऊक होतं आणि त्यात वावगं काही वाटत नव्हतं. एकदा तिला जबर सर्दी झाली आणि घसा पार बसला. मुलांना बाधा नको म्हणून तिने मास्क लावला. लेकीची लेक रेवा, दीड वर्षांची, दिवसभर तिच्याकडेच असे. वृषालीने नेहमीसारखा पदर तोंडावर ओढला, झटकन खाली केला आणि डोळे मोठे करून हसली. आवाज फुटला नाही. एरवी "भॉक" म्हटलं की रेवा खिदळून लोळायची. आज तिने कपाटाकडे बघावं तसं आजीकडे पाहिलं आणि मान वळवली.

वृषालीने एकेक करून सगळ्या मुलांपुढे तोच खेळ करून पाहिला. एकही मूल हसलं नाही. एकानेही तिच्या डोळ्यांकडे पाहिलं नाही.

ती तडक मिरजेला डॉक्टर नौशाद मुजावरांकडे गेली. सजग जेल त्यांनीच शोधलं होतं.

"डॉक्टरसाहेब, पोरं माझ्या डोळ्यांत बघत नाहीत हो."

"का बघतील, ताई? तिथे वाचण्यासारखं काय उरलंय?"

"मला नीट समजेल असं सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "मूल जन्मतं तेव्हा त्याला माया, राग, काळजी काही ओळखता येत नाही. आपण हसताना डोळे बारीक होतात, काळजीत भुवया जवळ येतात. ते हजारदा पाहून त्याचा मेंदू एक बाराखडी तयार करतो. पण पाटी सदाच कोरी असली, तर मूल तिच्याकडे बघायचं सोडून देतं. मग ते आवाजावर आणि ओठांवर भागवतं."

"आणि हे तुम्हाला आधी कळलं नाही?"

"चाचण्या मोठ्यांवर झाल्या. मोठ्यांना बाराखडी आधीच येत होती. तरी पाळणाघरात वापरू नका असं मी लिहिलं होतं. तेव्हा माझ्याशी भांडायला कोण आलं होतं, ताई?"

वृषालीने मान खाली घातली. मग म्हणाली, "काढता येतं?"

"येतं. जेल विरघळवणारं औषध टोचलं की झालं. पण कातडी एकदम सैल पडेल."

"पडू दे."

तिची लेक पूर्वा घरी भडकली. "आई, अगं पालक पळून जातील! आणि तुझ्याकडे बघवेल तरी का?"

"रेवाने बघावं म्हणून चाललंय हे. तुला कोण बघ म्हणतंय?"

औषध टोचलं. सूज उतरली तेव्हा आरशात डोळ्यांखाली पिशव्या लोंबत होत्या. वृषाली स्वतःलाच हसली, तशा कडेच्या सुरकुत्या पंख्यासारख्या उघडल्या. किती वर्षांनी! ती पूर्वाच्या मांडीवरल्या रेवासमोर जाऊन बसली आणि तिला हाक मारून मनापासून हसली.

रेवाने प्रथमच सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं. आणि किंचाळली.

मोठ्या माणसाच्या चेहऱ्याचा जो भाग तिने जन्मापासून कधी हललेला पाहिला नव्हता, तो वळवळत होता. समोरची भिंत हलू लागली तर आपलं काय होईल? वृषाली घाबरून वाकली, तिच्या भुवया काळजीने जवळ आल्या, तशी पोर आणखी ओरडत आईच्या गळ्यात तोंड लपवू लागली. आजीची माया जितकी उफाळून येई, तितका चेहरा हले, आणि तितकी नात थरथरे.

आठवडा गेला. आजी खोलीत आली की रेवा घास टाकून देई.

"वेळ द्या," मुजावर म्हणाले.

"किती?"

"माहीत नाही. आजवर कुणी काढून पाहिलेलंच नाही."

"सगळ्यांनी मिळून काढलं तर?"

"सगळे काढतील असं वाटतं तुम्हाला?"

वृषालीने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटतंय की ते टोमणा मारताहेत, तिला काही कळेना.

"परत भरा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दूधभात घेऊन ती रेवासमोर बसली. रेवाने आजीच्या हनुवटीकडे पाहिलं, ओळखलं आणि खुशीत मांडीवर चढली. वृषालीला रडू आवरेना, तरी ओठांवर तिने हसू धरून ठेवलं. आतला स्नायू न् स्नायू पिळवटला, पण डोळ्यांभोवती एक रेघ उमटली नाही. एक थेंब गालावरून ओघळून रेवाच्या मनगटावर पडला. रेवाने वर छताकडे पाहिलं, पाणी कुठून गळतंय ते दिसेना, तेव्हा मनगट फ्रॉकला पुसलं आणि पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.