मुकी व्हिस्की

आई गेली, आणि दुःखाच्याही आधी डर्व्हलाच्या मनात भीती उभी राहिली, की आता बाबांचा शब्द आपल्यापर्यंत आणणार कोण?

बापलेकीचा अबोला वर्षानुवर्षांचा. टेबल एक, बटाट्यांचं पातेलं एक, पण बाप मॅलकी बायकोला म्हणायचा, "कॉन्सेप्टा, तुझ्या लेकीला सांग, लोणी इकडे सरकव." आणि लेक हातभर अंतरावर बसलेली! तिचा गुन्हा एवढाच, की वाडवडिलांच्या तांब्याच्या भट्टीत तीनदा गाळलेल्या जवाच्या व्हिस्कीत तिने मक्याची हलकी व्हिस्की मिसळायला घेतली. चवीने काही बोलत नाही म्हणून जुने लोक त्या हलकीला मुकी म्हणायचे. "त्यापेक्षा पाणी घालून विक," एवढं बोलून बापाने तोंड मिटलं ते मिटलंच. ऑफली परगण्यातल्या बाकीच्या भट्ट्या एकेक करून थंड पडल्या. यांची पेटती राहिली ती त्या मिश्रणाच्या खपावर. डब्लिनची नोकरी, सांगून आलेलं चांगलं स्थळ... डर्व्हलाने सगळ्यावर पाणी सोडलं, पण बापाला कधी ऐकवून दाखवलं नाही.

आता आतल्या खोलीत आई शांत निजली होती, रिवाजाप्रमाणे घड्याळ थांबवलं होतं आणि गाव तिच्या नावाने पेला घ्यायला जमलं होतं. डर्व्हलाने बापाचीच जुनी व्हिस्की मांडली. शेजारचा मॉसी पहिल्याच घोटाला खोकला.

"पोरी, ही घसा सोलते गं. तुझी ती मऊ आण की."

मॅलकीची मान खाली गेली.

"माझी संपली, मॉसीकाका. आज घरात हीच आहे."

आपल्याच कष्टांना नाकारताना तिच्या काळजात चर्र झालं, पण आईच्या उशापाशी बापाचा अपमान तिला बघवला नसता.

संपली कसली? जिन्याखाली तिच्या बाटल्यांची खोकी होती. ठेच लागली की मॅलकी रोज त्यांना शिव्या घालायचा. तो उठला, स्वतः बाटली घेऊन आला, मॉसीला ओतली आणि थोडी आपल्याही पेल्यात घेतली. एक घोट घेऊन त्याने कपाळाला आठी घातली.

"यात आपलं काही लागत नाही... तिला सांग," म्हणत त्याने सवयीने आतल्या खोलीकडे मान वळवली, आणि तो तसाच थांबला.

"घाई करू नका, बाबा," डर्व्हला हळूच म्हणाली. "आधी ती हलकी जाते. मागून येते ती आपली."

तो थांबला. मग जिभेवर जव आला, मिरी आली, जुनं लाकूड आलं... त्याच्या बापाच्या हातची चव!

"आहे गं, डर्व्हला. सगळं आहे." त्याचा आवाज चिरकला. "आणि माझ्या हट्टापायी तुझ्या आईने ही कधी चाखलीसुद्धा नाही."

"आई रोज घ्यायची, बाबा. तुम्ही झोपलात की."

मॅलकीला हसू फुटलं, आणि हसता हसता लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून तो ढसाढसा रडला.