एकोणिसावी पायरी

सकाळी दहा वाजून बावन्न मिनिटांनी खडपवाडी सागरतळ केंद्राची वीज गेली आणि तीन सेकंदांत परत आली. दिवे लागले, पंखे फिरू लागले, चहाची शेगडी पुन्हा तापायला लागली. एवढ्याचं कुणी काही मनावरही घेतलं नसतं. पण त्या तीन सेकंदांत दाबकक्ष सांभाळणारा संगणक बंद पडला होता. तो पुन्हा उठू लागला आणि उठता उठता मध्येच थांबला. पडद्यावर अक्षरं होती: सुरक्षित प्रारंभ. पायरी बारा, एकूण तेवीस. प्रतीक्षा.

दाबकक्षात हेमांगी तांडेल होती. केंद्राच्या पाणबुड्यांमध्ये सर्वांत अनुभवी. पाच दिवस तिने समुद्राखाली साठ मीटरवर तळाच्या केबलची दुरुस्ती केली होती. तिथल्या दाबाखाली श्वासातला वायू रक्तात, स्नायूंत, हाडांत मुरतो. तो हळूहळूच बाहेर काढावा लागतो. म्हणून वर आलेल्या माणसाला टेम्पोएवढ्या पोलादी नळकांड्यात, तळाइतक्याच दाबात ठेवतात आणि दाब अडीच दिवसांत थेंबाथेंबाने उतरवतात. हेमांगीचे अजून दोन दिवस बाकी होते.

कक्षाच्या सगळ्या झडपा संगणकाच्या हातात. संगणक पडला की त्या आपोआप बंद होतात. संकटकाळी श्वासासाठी लावायचा मुखवटाही त्याच झडपांवर चालणारा, म्हणजे तोही गेला. श्वासातला दूषित वायू शोषून घेणारे पंखे थांबले होते. हाताने फिरवायचं एक लाल चाक तेवढं होतं, पण ते दाब एकदम सोडणारं. सोड्याची बाटली खाडकन उघडल्यावर जे होतं, तेच हेमांगीच्या रक्तात झालं असतं. आतली हवा फार तर दुपारी दोनपर्यंत पुरणार होती.

कक्षप्रमुख दिगंबर पेडणेकर, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, तोंडाने तिखट आणि हाताने नेटके. बंद करून पुन्हा चालू करणं हा संगणकावरचा जगातला पहिला उपाय त्यांनी तीनदा केला. तिन्ही वेळा गाडी बाराव्या पायरीवर अडली. तारा तपासल्या, जोडण्या काढून पुन्हा बसवल्या, जादा उपकरणं एकेक करून सोडवली. बारा म्हणजे बारा. मग मात्र वेळ न दवडता त्यांनी पुण्याला डॉ. निलोफर मुकादम यांना पडद्यावर बोलावलं. या संगणकाचा शिकणारा भाग त्यांनी घडवलेला होता.

अण्णांनी आधी आपलं गाऱ्हाणं मांडलं. सुरक्षित प्रारंभ म्हणजे कमीत कमी सामान घेऊन उठायचं, एवढंच ना? मग याला एवढे नखरे कशाला?

“कमीत कमी म्हणजे किती, हे कुणी ठरवायचं, अण्णा?” निलोफर म्हणाली. “पूर्वी आम्ही एक ठरलेली यादी देत होतो. पण प्रत्येक केंद्र वेगळं. एकाकडे दोन पंप, दुसऱ्याकडे चार. यादी जुळायची नाही आणि संगणक अडकायचे. म्हणून आम्ही ते त्याच्यावरच सोपवलं. सुरक्षित प्रारंभ नीट पार पडला की त्या वेळची सगळी परिस्थिती तो टिपून ठेवतो. दर वेळी जे सारखं होतं, ते आवश्यक. जे बदलत गेलं, ते बिनमहत्त्वाचं. याला आम्ही अनुभवयादी म्हणतो.”

“म्हणजे एखादी गोष्ट का लागते, हे त्याला कळतच नाही?”

“नाही. नेहमीचं काय, एवढंच कळतं.”

तिने नोंदी उघडल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली. सुरक्षित प्रारंभाची चाचणी दर महिन्याला, दर वेळी वेगळ्या परिस्थितीत घ्यायची असं माहितीपुस्तकात ठसठशीत छापलं होतं. आठ वर्षांत शहाण्णव चाचण्या व्हायला हव्या होत्या. झाल्या होत्या आठ.

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग जे होतं ते सांगितलं. दर वर्षी खंडेनवमीला केंद्र बंद असायचं. यंत्रं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, पूजा करायची. नाहीतरी सगळं बंद आहेच, तर वर्षाची दाबचाचणीही त्याच दिवशी उरकायची. कक्ष बंद करून दाब चढवायचा आणि संगणक सुरक्षित प्रारंभाने उठवायचा. एरवीच्या महिन्यांच्या रकान्यांत ते ‘तपासले’ असं लिहीत. अक्षर मात्र सुंदर.

निलोफरने रागवायला वेळ घालवला नाही. बारावी पायरी म्हणजे नियंत्रणखोलीतल्या धूरमापीची तपासणी. आत्ता आकडा शून्य होता. आधीच्या आठही वेळी किंचित धूर होता.

“उदबत्ती,” अण्णा पुटपुटले आणि स्वतःच धावत सुटले. देवाच्या फळीवरचा अख्खा पुडा आणून त्यांनी मापीखाली पेटवला. मिनिटभरात पडदा हलला. तेरा. चौदा. पंधरा. कुणीतरी हसलंही. अठरा. एकोणीस. आणि पुन्हा तेच, प्रतीक्षा.

एकोणिसावी पायरी कक्षाच्या दाबमापीची होती. निलोफरने आठ वेळचे आलेख एकाखाली एक लावले आणि त्यांच्या तळाशी आत्ताचा ठेवला. बोलली तेव्हा आवाज उतरलेला होता.

बंद पोलादी खोलीत माणूस श्वास घेतो, तेव्हा आत गेलेली हवा छातीत गरम आणि ओलसर होते, तिने समजावलं. तेवढ्याने खोलीतला दाब तसूभर वाढतो. श्वास सोडला की उतरतो. आपल्याला ते जाणवत नाही, पण ही मापी इतकी बारीक आहे की तिच्या रेषेत प्रत्येक श्वासाची लाट दिसते. जुन्या आठही आलेखांत ही रेषा चार मिनिटं सरळ होती. आज ती हलते आहे.

“आठही वेळी कक्ष रिकामा होता, अण्णा. तो रिकाम्या कक्षासाठी थांबलाय.”

अण्णांनी विचारलं, मग आता काय करायचं?

“काही केलं नाही, तर अडीचच्या सुमारास तो आपणहून सुरू होईल,” निलोफर म्हणाली. “तोवर आतला श्वास थांबलेला असेल.”

खोलीत उदबत्त्यांचा वास कोंदला होता. अण्णांना तो सहन होईना. त्यांनी एकामागून एक तोडगे पुढे केले. मापी काढून टाकू? मापी नसेल तर तो चौथ्याच पायरीवर अडेल, कारण मापीवाचून कक्ष चालवायचाच नाही हा पक्का नियम आहे. खोटी सरळ रेषा पाठवू? मापी आपल्या प्रत्येक आकड्यावर स्वतःची खूण उठवते, ती नकलायला एक दिवस लागेल. त्याची सगळी आठवण पुसून टाकू? पुसता येईल, पण त्याला नऊ तास लागतात. घड्याळात बाराला पाच कमी होते.

कक्षातला दूरध्वनी वेगळ्या बॅटरीवर होता. तो मघापासून अधूनमधून वाजत होता आणि अण्णा ‘होतंय, होतंय’ म्हणून वेळ मारून नेत होते. आता वाजला तेव्हा हेमांगीने त्यांना बोलूच दिलं नाही.

“अण्णा, डोकं ठणकायला लागलंय माझं. मी लहान पोर नाही. काय ते सरळ सांगा.”

अण्णांनी सरळ सांगितलं. पायऱ्या, यादी, खंडेनवमी, सगळं. आपलं नावही गाळलं नाही.

“म्हणजे मी इथे नाहीच, असं त्याला वाटायला हवं,” ती म्हणाली. “किती वेळ?”

“चार मिनिटं.”

हेमांगीचा विक्रम पाच मिनिटं दहा सेकंदांचा होता, पण तो मोकळ्या, ताज्या हवेत. इथे तिच्या रक्तात दूषित वायू आधीच साचलेला, आणि श्वास घ्यायची तगमग त्याच वायूने होते. निलोफरने हे लपवलं नाही. एक गोष्ट तेवढी बाजूने होती. कक्षातल्या दाबामुळे प्रत्येक श्वासाबरोबर प्राणवायू जास्त मिळत होता. त्यामुळे शुद्ध लवकर हरपणार नव्हती. जीव कासावीस होईल, पण तग धरता येईल.

हेमांगीने ठरवून टाकलं. आत्ताच करायचं. हवा तासागणिक बिघडणार, मग थांबून काय मिळणार? दूरध्वनी उशाशी चालू ठेवून ती पलंगावर उताणी झाली, हातपाय सैल सोडले, डोळे मिटले.

पहिल्या खेपेला दोन मिनिटं चाळीस सेकंद झाले आणि रेषा उसळली. मोजणी पुन्हा शून्यापासून. दहा मिनिटं ती पडून राहिली. दुसऱ्या खेपेला तीन मिनिटं पंधरा. या वेळी पोटात गोळे आले आणि ती कुशीवर वळून खोकत राहिली. बाहेर अण्णांच्या सदऱ्याची पाठ घामाने भिजली होती. आता पुरे, थोडी विश्रांती घे, असं ते म्हणाले तशी ती उखडलीच. विश्रांती घ्यायला हवा कुठून आणू, असं तिने विचारलं.

“आणि ते सेकंद मोजून सांगणं बंद करा. आकडे ऐकले की जीव घाबरतो. दुसरं काहीतरी बोलत राहा. काहीही.”

काहीही म्हणजे काय बोलायचं? तिने शेवटचा श्वास भरून घेतला, रेषा सपाट झाली, आणि अण्णांना एकच गोष्ट सुचली. खरी ती.

“हेमा, तो रकाना मी पहिल्यांदा भरला ना, त्या दिवशी मला झोप लागली नव्हती,” ते दूरध्वनीत म्हणाले. “दुसऱ्या महिन्यात लागली. मग सवयच झाली. कक्षात माणूस बसवून चाचणी घ्यायची तर अर्धा दिवस मोडतो, कोण बसणार, कशाला बसवा, असं म्हणत गेलो. यंत्राची पूजा मनापासून केली गो. खोटं नाही सांगत. त्याला पुसलं, सजवलं, नारळ वाढवला. पण ते कुणासाठी आहे हे त्याला कधी दाखवलंच नाही मी. आठ वर्षं त्याला रिकामी खोलीच दाखवत आलो. आता तू बाहेर ये आणि मला काय हवं ते बोल. हवं ते बोल, मी ऐकून घेईन.”

मोजणी तीन मिनिटं पन्नासवर होती. कक्षाच्या खिडकीच्या काचेतून दिसत होतं, हेमांगीचं पोट आत-बाहेर झटके देत होतं आणि ओठ घट्ट मिटलेले होते. चार मिनिटं. पायरी वीस. अण्णांच्या तोंडून सुटकेचा आवाज निघतोय तोच निलोफर ओरडली, “अजून नाही. तेवीस होऊ द्या.” अण्णांनी तेच दूरध्वनीत सांगितलं. एकवीस. बावीस. बावीसवर पडदा सहा सेकंद थांबला. मग तेवीस.

प्रारंभ पूर्ण. कक्ष रिकामा. हवापुरवठा अनावश्यक.

“घे!” अण्णा म्हणाले.

हेमांगीने श्वास घेतला आणि रेषा थेट वर उसळली. संगणक आता पूर्ण जागा होता. अनुभवयादी उठण्यापुरतीच असते, उठल्यावर तो नेहमीच्या नियमांनी चालतो. पडद्यावरचा मजकूर बदलला: कक्षात एक व्यक्ती. प्रवेशाची नोंद नाही. एवढी कुरकुर नोंदवून त्याने झडपा उघडल्या आणि शोषकाचे पंखे फिरू लागले. अण्णा खुर्चीत बसले आणि लोकांदेखत रडले.

दोन दिवसांनी हेमांगी बाहेर आली. अण्णा राजीनामा लिहून तयार होते. तो तिने वाचलाही नाही, घडी करून त्यांच्याच खिशात घातला. जाऊन मोकळे व्हाल, पण त्याला पुन्हा कोण शिकवणार, असं तिने विचारलं. मग तिने निलोफरला गाठलं. यादी सुधारली का?

उलट झालं होतं. संगणकाच्या लेखी हाही एक यशस्वी प्रारंभ होता, नववा, आणि नवव्यांदा कक्ष रिकामा. त्याचा समज आणखी पक्का झाला होता. आत माणूस दिसतोय तोवर तो उठणारच नाही, आणि उठला नाही तर माणूस असताना उठता येतं हे शिकणारही नाही. एकच मार्ग उरला होता. आठवण पुसायची आणि पहिल्यापासून शिकवायचं.

त्यांनी आठवण पुसली. पुढचा महिनाभर रोज चाचणी झाली. पहिल्या दिवशी आत अण्णा बसले, दुसऱ्या दिवशी हेमांगी, मग दोघं, मग तिघं. कुणी झोपलेलं, कुणी गप्पा मारणारं. कधी साध्या दाबावर, कधी चढवलेल्या. कधी धूर, कधी नाही. सगळं बदलत गेलं. एकच गोष्ट हेमांगीने एकदाही बदलू दिली नाही.

निलोफरने तिला सावध केलं. अशाने हा रिकामा कक्ष कधीच सुरू करणार नाही, दर वेळी माणूस मागेल. हेमांगी म्हणाली की तिला तेच हवंय.

महिनाअखेरीस तिने कक्ष साध्या दाबावर रिकामा ठेवून दार लावलं आणि संगणक सुरक्षित प्रारंभाने उठवला. अठरापर्यंत तो झरझर गेला. एकोणीसवर थांबला. प्रतीक्षा. अण्णांचा हात सवयीने बंद-चालू करायच्या कळीकडे गेला.

“राहू द्या, अण्णा. थांबू द्या त्याला.”

पाच मिनिटं गेली, दहा गेली. तो थांबूनच होता. मग हेमांगीने दार उघडलं, आत गेली, दार ओढून घेतलं आणि पलंगावर बसून सावकाश श्वास घेऊ लागली. बाहेर पडद्यावरची रेषा हलली आणि विसावी पायरी लागली.