कढीपत्त्याशेजारचं झाड

"आपा, दुपारची असरची नमाज झाली की हे पोलिसांना फोन करणार. त्याच्या आत विठ्ठलला वाचवा," हुस्ना म्हणाली आणि दारातच रडू लागली.

रितेश साने तेव्हा नुकताच सोफ्यावर टेकला होता. बँकेतला हिशेबनीस माणूस, शनिवारची सुट्टी. बायकोने, विशाखाने दिलेली सांडगी मिरची पोचवायची आणि चहा पिऊन सटकायचं, एवढाच त्याचा बेत. पण तबस्सुम परकारच्या घरी चहा कधी नुसता मिळतो का? तिने ओढणी सारखी केली आणि रितेशच्या गाडीच्या किल्लीकडे पाहिलं. झालं, लागली साडेसाती!

तबस्सुम विमा कंपन्यांसाठी खोटे दावे हुडकून काढायची. दापोलीला शेतीचं शिकून कुवेतला अहमदीत आली आणि हा धंदा धरला. उरलेल्या वेळात कोकणी मंडळी आपापली कोडी घेऊन तिच्याकडे यायची. रितेश तिचा बिनपगारी ड्रायव्हर. स्वतःला तो मदतनीस म्हणवायचा, म्हणू दे.

जवळच्या फिंतासला जाता जाता हुस्नाने सगळं सांगितलं. तिचा नवरा इद्रीस एसी दुरुस्तीची कंपनी चालवतो. भाड्याने घेतलेली छोटी इमारत, वर कुटुंब, खाली ऑफिस, मागच्या खोलीत विठ्ठल. विठ्ठल तिच्या माहेरच्या गावचा, तिनेच शब्द टाकून आणलेला मिस्त्री. आज सकाळी इद्रीस टाकी बघायला गच्चीवर गेला, तर विठ्ठलच्या कढीपत्त्याशेजारी गांज्याचं झाड!

"विठ्ठल काय म्हणतो?" तबस्सुमने विचारलं.

"विचारलंय कुणी त्याला! ह्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली."

रितेशने गाडीचा वेग वाढवला. कुवेतमध्ये गांज्याचं झाड म्हणजे चेष्टा नव्हे. सुटायची वाट बघत माणूस तुरुंगात म्हातारा व्हायचा.

हुस्नाने त्यांना दिवाणखान्यात बसवलं आणि रिकाम्या धूपदाणीकडे बघून ओशाळली. "माफ करा आपा, ऊदसुद्धा लावता आला नाही. डबी आणि कोळसे जहीरभाई खाली घेऊन जातात, परत आणायचं नाव नाही. एरवी आमच्याकडे पाहुण्यांना उदाशिवाय उठू देत नाहीत."

"जहीर म्हणजे इद्रीसभाईंचे धाकटे भाऊ? त्यांची पाठ आता कशी आहे?"

"अल्लाची मेहेर! पडले तेव्हापासून डोळ्याला डोळा नव्हता. रात्र रात्र गच्चीवर येरझारा. हिवाळ्यापासून मात्र असे घोरतात की भिंत हलते. भूकही दणकून लागते."

तेवढ्यात इद्रीस आला. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर आठ्या.

"तपास कसला करायचाय? झाडं त्याची, गच्चीवर जातो तो. नियम म्हणजे नियम! उद्या बलदियाची माणसं सिरदाब तपासायला यायचीत. चार दिवस तीच धावपळ चाललीय, त्यात हे लफडं. माझं लायसन्स गेलं तर?"

सिरदाब म्हणजे तळघर, बलदिया म्हणजे महापालिका. तिथे कंपनीचं स्टोअर होतं आणि महापालिकेला तळघरातली स्टोअर्स खपत नाहीत.

"आधी झाड दाखवा," तबस्सुम म्हणाली.

गच्चीवर जुलैचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. हिरव्या जाळीखाली तुळस, गवती चहा आणि कढीपत्ता. जाळी असूनही सगळ्यांची पानं कडेने करपलेली. त्यांच्या मधोमध प्लॅस्टिकच्या कुंडीत ते झाड बसलं होतं. गुडघ्याएवढंच, पण अंगाने भरलेलं. पानं रुंद, गर्द आणि टवटवीत. शेंड्यांवर चिकट तुरे दाटलेले. वास तर असा की रितेशने रुमाल काढला.

"ही इंडिका," तबस्सुम वाकून म्हणाली. "मूळ हिंदुकुशच्या डोंगरातलं वाण. ठेंगणं, झुडपासारखं. सगळ्यात जहाल वास फुलोऱ्यात येतो. हिने माणूस नाचत नाही. हातपाय जड होतात, तोंड कोरडं पडतं, भूक खवळते आणि मग झोप."

तिने वर पाहिलं. टाकीच्या खांबावर भला मोठा दिवा होता. तिने दारवान मजीदला हाक मारली.

"ये बत्ती कब जलती है?"

"सारी रात, मॅडम. केबल चोरी हुई थी ना, तब से सेठ का हुकुम है. मगरिब से फजर तक."

"और रात को कौन ऊपर आया?"

"मैं तो नीचे काँच के केबिन में बैठता हूँ. घरवाले पीछे की सीढ़ी से आते-जाते हैं, वो मुझे दिखता नहीं."

मग विठ्ठलची कडी काढायला लावली. तो खाटेवर बसला होता, हात मांडीखाली.

"ताई, ते झाड काल सांजच्याला नव्हतं. मी पाणी घातलं तेव्हा जागा मोकळी होती. देवाशप्पथ सांगतो."

"असं कुणी म्हणेलच," इद्रीस पुटपुटला. विठ्ठलने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. रितेशला फार वाईट वाटलं.

इद्रीसचा मुलगा ओवैस कॉलेजात जाणारा. त्याच्या खोलीत शिरताच रितेश सावध झाला. खिडक्यांना चांदीचा कागद चिकटवलेला, पोराचे डोळे लालभडक, मांडीवर चिप्सचं पाकीट.

"डस्ट ॲलर्जी आहे, अंकल. रात्री फ्रेंड्सबरोबर गेम खेळतो, स्लीप होत नाही. फॉइल उन्हासाठी आहे, एव्हरीबडी डझ इट." भिंतीभर स्क्रीन निळी-जांभळी चमकत होती.

"ही कधी बंद करतोस?"

"नेव्हर," हुस्नाच वैतागून म्हणाली. "पहाटे उठवायला येते तेव्हासुद्धा चालू!"

शेवटी सिरदाब. जहीरने हसून दार उघडलं. आत गारेगार. एका बाजूला तांब्याचे पाईप आणि कॉम्प्रेसर; कोपरा मात्र झाडून लख्ख. दाराच्या चौकटीला चारी बाजूंनी नवीकोरी रबरी पट्टी. आणि उदाचा घमघमाट.

"धूळ येते हो, म्हणून पट्टी," जहीर म्हणाला. "आणि ऊद... पाईपांना ओशट वास मारतो."

"स्टोअरची किल्ली कुणाकडे?"

"माझ्याचकडे. भाय इथे पाय ठेवत नाही, त्याला ऑफिस बरं."

जिन्यात रितेशने तिला गाठलं. "ताई, उघड आहे! ओवैस. डोळे लाल, भूक, खिडकीला कागद. अजून काय हवं?"

"झाडाला विचार," ती म्हणाली. रितेशला तिचा राग आला, पण तो नेहमीच यायचा.

असरची अजान झाली. इद्रीस नमाज पढून आला तेव्हा सगळे दिवाणखान्यात होते. विठ्ठललाही तबस्सुमने हट्टाने खुर्चीवर बसवलं होतं. इद्रीसने फोन हातात घेतला.

"दोन मिनिटं, इद्रीसभाई. ते झाड फुलोऱ्यात आहे. हे वाण रात्र मोठी झाल्याशिवाय फुलत नाही आणि रात्रही सलग काळोखी लागते. मध्ये उजेड पडला की फुलोरा अडतो. आत्ता जुलै, रात्री लहान. त्यात तुमच्या गच्चीवर तुमच्याच हुकमाने रातभर दिवा. तिथे ते झाड वाढलं असतं, पण असं फुललं नसतं."

इद्रीसचा हात थांबला.

"शिवाय जाळीखालचा कढीपत्तासुद्धा करपलाय आणि हे टवटवीत. म्हणजे ते काल रात्रीच वर आलं. विठ्ठल खरं बोलतोय. झाड एखाद्या गार, बंद खोलीत वाढलं, जिथे दिवा लावता येतो आणि ठरल्या वेळी मिट्ट काळोखही करता येतो."

"ओवैसची खोली!" रितेशच्या तोंडून गेलंच.

"तिथे स्क्रीन रातभर पेटलेली. आणि हा वास रोज पहाटे आत येणाऱ्या आईपासून लपेल? मजीदची केबिन काचेची. राहिलं सिरदाब. काळोख हवा म्हणून दाराला पट्टी. वास झाकायचा म्हणून ऊद. हुस्ना, ऊद कशासाठी लावतात?"

"पाहुण्यांसाठी," हुस्ना अडखळत म्हणाली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

"तांब्याच्या पाईपांची एवढी खातिरदारी कुणी करतं का? उद्या तळघराची तपासणी, म्हणून झाड हलवणं भाग पडलं. इतक्या कष्टाने वाढवलेलं टाकवेना. झाडांत झाड दिसणार नाही, असं वाटलं. किल्ली एकाच माणसाकडे, आणि हिवाळ्यापासून गाढ झोपही त्याच माणसाला लागते."

जहीरने चेहरा दोन्ही हातांनी झाकला.

"विकत नव्हतो, भाय. कसम! झोप हवी होती फक्त. दोन रात्रींपुरतं वर ठेवलं. विठ्ठलवर येईल असं मनात नव्हतं."

"आलं तेव्हा गप्प बसलात," तबस्सुम शांतपणे म्हणाली.

इद्रीसने फोन खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "आपा, झाड जाळून टाकलं तर? घरातलं घरात..."

"सकाळी विठ्ठलसाठी हे सुचलं नव्हतं?"

रितेशला वाटलं, आता इथून उठून जावं. जहीरच उठला. "भाय, वकिलाला बोलाव. मी स्वतः जाऊन सांगतो. नाहीतर उद्या पुन्हा ह्याच्यावर यायचं." हुस्ना हुंदके देत होती, पण त्याला अडवायला ती पुढे झाली नाही.

इद्रीस विठ्ठलपुढे येऊन उभा राहिला. "चूक झाली रे माझी. पगार वाढवतो. वरची खोली देतो तुला."

विठ्ठल खुर्चीवरून उठला.

"नको, शेठ. मला रिलीजचा कागद द्या. दुसरीकडे काम बघतो."

"अरे, सुटलास ना तू! आता काय झालं?"

"हुस्नाबायला रडताना बघितलं, म्हणून इतका वेळ हे बोललो नव्हतो. सकाळी एकदा नुसतं विचारलं असतंत, 'विठ्ठल, हे झाड तुझं काय रे?' तर मी जन्मभर इथंच राहिलो असतो."