स्तामेनाची कुरकुरीत कोंबडी

मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. आमच्या पाद्रीबाबांचाही बसला नव्हता, आणि विश्वास ठेवणं हा तर त्यांचा धंदा. पानं वाटून होईपर्यंत ऐका. ओब्रेन, तू पत्ते काप.

दारिंकाचं नाव तुमच्या कानावर असेल. बेलग्रेडमध्ये एका विमा कंपनीसाठी तिने अर्धं आयुष्य खोटे अपघात पकडले, मग वाल्येवोत एका केशकर्तनालयाच्या वर स्वतःचं ऑफिस थाटलं. जळालेल्या गोठ्याची राख हुंगून ती काडी कुणी ओढली ते सांगायची. काडीपेटी कुठल्या दुकानातली, तेही. तिच्यासोबत तिचा मावसभाऊ ल्युबिंको असायचा. गाडी तो चालवायचा, पेट्रोल ती भरायची. विचार करायला त्याला वेळ लागायचा. खायला लागत नसे.

एका मंगळवारी सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्याला काळा रुमाल, हातात डबा. डबा तिने टेबलावर ठेवून उघडला. आत कोंबडीच्या तंगड्या, सोनेरी, कुरकुरीत. ल्युबिंकोने हात पुढे केला.

"हे खायला घालून मी सासऱ्याला मारतेय, असं माझी नणंद म्हणते," बाई म्हणाली.

ल्युबिंकोने हात मागे घेतला आणि त्याच हाताने कान खाजवला, जणू तो निघाला होता कानाकडेच.

बाईचं नाव स्तामेना. डोंगरातल्या एका गावात ती विधुर सासऱ्याला सांभाळत होती. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. सासरा रादिसाव, पिंपं बनवणारा. त्याच्या एका पिंपात भरलेली राकिया, आमची फळांची दारू, अजून संपलेली नाही असं म्हणतात, आणि ते खरं आहे, कारण मी प्रयत्न केला आहे. म्हाताऱ्याला मधुमेह झाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पाव, बटाटे, मका, सगळं बंद केलं.

"बाबा दोन दिवस जेवले नाहीत," स्तामेना म्हणाली. "मग मी फोनवर बघून ही कोंबडी शिकले. पिठाचा कण नाही. तंगडी अंड्यात बुडवायची, मग च्वार्त्सीच्या चुऱ्यात घोळवायची."

"डुकराची चरबी कढवून उरतात त्या कुरकुरीत च्वार्त्सी?" ल्युबिंकोने विचारलं.

"त्याच. घरच्या डुकराच्या. वर जुनं चीज किसायचं आणि एअर फ्रायरमध्ये ठेवायची. तेलही लागत नाही."

"आणि याला पथ्य म्हणतात? माझ्या डॉक्टरला नुसता दुधी का आठवतो?"

"पुढे सांगा," दारिंका म्हणाली.

"जेवण झालं की थोड्या वेळाने बाबा साखर मोजतात, आणि आकडा आभाळाला. बुधवारी-शुक्रवारी आमचा उपास, तेव्हा मासा असतो. त्या रात्री आकडा चांगला, कधी तर फारच खाली. म्हणजे दोष कोंबडीचा. डॉक्टरीणबाईंनी रात्रीचं इन्सुलिन दोनदा वाढवलं. वन्सं म्हणतात, मी मुद्दाम पीठ लावते, म्हातारा लवकर जावा आणि घर मला मिळावं म्हणून. रविवारी त्या बाबांना वृद्धाश्रमात नेणार आणि घराला कुलूप लावणार. मला जायला दुसरी जागा नाही."

"कोंबडीच्या दिवशी आकडा चढला नाही, असं एकदाही झालं नाही?"

स्तामेनाने आठवून पाहिलं. "गेल्या गुरुवारी. कोंबडीच होती, पण आकडा चांगला आला. कमी खाल्ली असेल."

"कमी खाल्ली होती?"

"छे. माझ्या ताटातलीही एक उचलली."

"यावरून काहीच सिद्ध होत नाही," ल्युबिंको म्हणाला.

"गाडी काढ," दारिंका म्हणाली.

घरी नणंद झोर्का दारातच उभी होती. तिने नमस्काराच्या आधी कपाट उघडून मक्याच्या पिठाचं पोतं दाखवलं.

"म्हाताऱ्याला मका बंद आहे. मग हे कुणासाठी?"

"कोंबड्यांसाठी, वन्सं. अंगणात आहेत त्या काय च्वार्त्सी खातात?"

"बघा, कशी बोलते."

दारिंकाने पोत्यातलं मूठभर पीठ घेतलं आणि स्तामेनाला दोन तंगड्या करायला सांगितल्या. एक तिच्या पद्धतीने, दुसरी पीठ लावून. यंत्र घरघरलं. पिठाची तंगडी बाहेर आली तेव्हा तिच्यावर कोरडे पांढरे डाग होते. तेल नसेल तर या गरम वाऱ्यात पीठ तसंच राहतं. च्वार्त्सीची तंगडी मात्र स्वतःच्याच चरबीत न्हाऊन सगळीकडून सारखी तांबूस झाली होती. खालच्या भांड्यात चरबी साचली होती. डब्यातल्या कालच्या तंगड्या दारिंकाने शेजारी ठेवल्या. एकीवरही पांढरा डाग नव्हता.

"वरून तेल मारलं असेल," झोर्का म्हणाली.

"असेल. ल्युबिंको, तुला काय वाटतं?"

ल्युबिंकोच्या तोंडात पुरावा होता. 

मग रादिसाव. तो खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. हात फळीसारखे, घट्टे पडलेले.

"तब्येत कशी आहे, आजोबा?"

"दिवसा घोड्यासारखी. पहाटे मात्र मेल्यासारखा उठतो. अंग घामाने भिजलेलं, हातपाय लटलटतात. मग हळूच कपाटातली गुलाबाच्या पाकळ्यांच्या मुरंब्याची बाटली काढतो, चमचाभर खातो, की पुन्हा घोडा. सुनेला सांगू नका."

"मला माहीत आहे, बाबा," स्तामेना चुलीपासून म्हणाली. "बाटली मी मुद्दाम पुढे ठेवते. रात्री लटपटताना पडलात तर?"

"ऐकलंत?" झोर्का म्हणाली. "कबूल करतेय. मुरंबा चारते."

"साखर मोजायला टोचता कुठे?" दारिंकाने विचारलं.

"उजव्या अंगठ्याला. दुसऱ्या बोटात खिळासुद्धा शिरायचा नाही."

"आधी हात धुता?"

"जेवायच्या आधी धुतो की. दिवसातून कितीदा धुवायचे?"

"राकियाचा बोळा तरी फिरवता?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे दयेने पाहिलं. "बाई, राकिया अंगठ्याला लावायची वस्तू आहे का?"

टेबलाच्या खणाकडे मुंग्यांची रांग चालली होती. जमिनीवर कोंबडीचा चुरा सांडला होता, तिकडे एकही वळत नव्हती.

"यांचाही उपास दिसतोय," ल्युबिंको म्हणाला. दारिंका हसली नाही. तिने खण उघडला. आत पत्त्यांचा एक जुना जोड आणि अक्रोडांचं गाठोडं होतं. तिने खण बंद केला.

"खेळता कुणाशी?"

"शेजारच्या तिहोमिरशी. जेवण झालं की येतो. पत्ते त्याचेच, इथेच ठेवतो. अक्रोड लावून खेळतो आम्ही. म्हणजे अक्रोड माझे, जिंकतो तो."

संध्याकाळी जेवणं झाली आणि तिहोमिर आला. तो माणूस दिसायला फार रुबाबदार. मिशा अशा की गावातल्या बायका पाणी भरायला वाट वाकडी करून त्याच्या दारावरून जात. बुद्धी तल्लख, मन मोठं. त्याच्या अंगणात तेव्हा मोठ्या कढईत आलुबुखाऱ्याचा पेकमेझ आटत होता. साखर न घालता आटवलेला असा दाट, काळा मुरंबा त्या डोंगरात दुसरं कुणी करत नसे.

"रोज खेळता?" दारिंकाने विचारलं.

"बुधवार-शुक्रवार सोडून. उपासाच्या दिवशी पत्त्याला हात लावणार नाही, असा आजीला शब्द दिलाय. ती जाऊन जमाना झाला, पण शब्द तो शब्द."

"आणि गेल्या गुरुवारी?"

"तेव्हा दाढ काढायला वाल्येवोला गेलो होतो. ही बघा जागा."

दारिंकाने जागा पाहिली. ल्युबिंकोनेही पाहिली, कारण नसताना.

"खेळा मग," ती म्हणाली. "आम्ही बसतो."

डाव रंगला. म्हातारा अंगठ्याने एकेक पान सरकवत होता आणि हरत होता. अक्रोड टेबलाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेले. मग स्तामेनाने साखर मोजायचं यंत्र आणलं. रादिसावने अंगठा टोचला.

सतरा. आमच्याकडच्या यंत्रावर पाच ते आठ म्हणजे ठीक; सतराला डॉक्टरीणबाई फोनवर थांबत नाहीत, गाडी काढतात.

"घ्या," झोर्का म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर शिजवली, तुमच्या डोळ्यांसमोर खाल्ली. तरी सतरा." आणि वाढवलेलं इन्सुलिन भरलेली सुई तिने उचलली.

दारिंकाने तिचं मनगट धरलं.

"थांबा. स्तामेना, साबण आणि पाणी."

म्हाताऱ्याचा डावा हात तिने स्वतः धुतला, पुसला, करंगळीवर मऊ जागा शोधून टोचलं. यंत्राने विचार केला.

चार.

"यंत्र बिघडलंय," ल्युबिंको म्हणाला.

"आता तोच अंगठा धुऊन टोचू." धुतला, टोचला. पुन्हा चार.

झोर्काच्या हातात सुई तशीच होती. दारिंकाने ती हळूच काढून घेतली.

"साखर रक्तात नव्हती, बाई. अंगठ्यावर होती. रक्ताच्या थेंबात ती मिसळायची आणि यंत्र खोटं बोलायचं. त्या खोट्यावर इन्सुलिन वाढत गेलं. पहाटेचा घाम, लटलट, हे साखर खूप कमी झाल्याचं लक्षण. जास्त असती तर चमचाभर मुरंब्याने बरं वाटलं नसतं. चारावर ही सुई दिली असती, तर उद्या आजोबा उठले नसते. इतके दिवस उठले ते त्या बाटलीमुळे. ती पुढे कुणी ठेवली, ते तुम्ही ऐकलंच आहे."

झोर्का खुर्चीवर बसली.

"पण बुधवार-शुक्रवार?" ल्युबिंको म्हणाला. "कोंबडी नाही तेव्हा आकडा चांगला. ते कसं?"

"त्या दिवशी कोंबडी नसते आणि पत्तेही नसतात. सगळ्यांनी ताटात पाहिलं, टेबलावर कुणी पाहिलं नाही. गेल्या गुरुवारी दोन्हींची फारकत झाली. कोंबडी होती, पण तिहोमिर दाढ काढायला गेला होता. आकडा चांगला. म्हणजे कोंबडी सुटली. पीठ नव्हतंच, ते तर तंगडीच सांगत होती. राहिले पत्ते. आणि मुंग्या उगाच जुन्या कागदाकडे जात नाहीत."

तिने जोड उचलला, पिसला, पालथी पानं टेबलावर पसरली. डोळे मिटले आणि पानांवरून बोट फिरवत चार पानं बाजूला काढली. उलटली. चार एक्के.

"कोपऱ्याला टिकलीएवढा चिकट ठिपका. दिसत नाही, बोटाला कळतो." तिने बोट जिभेला लावलं. "आलुबुखारा. साखर न घालता आटवलेला, पण फळाची स्वतःची साखर पुरे."

सगळ्यांनी तिहोमिरकडे पाहिलं. तिहोमिरने मिशीकडे हात नेला आणि वाटेतच थांबवला, कारण अंगठा चिकट होता.

"एवढ्याशा मुरंब्याने माणूस मरेल असं मला काय ठाऊक," तो म्हणाला. "मला फक्त जिंकायचं होतं."

मग रादिसाव म्हणाला, "अक्रोड परत कर."

"किती?"

"तुझ्या अंगणात झाड लाव, आणि त्याला लागतील तेवढे मोजून आणून दे."

झोर्का उठली, फोन घेऊन बाहेर गेली. वृद्धाश्रमाची जागा नको, एवढंच तिचं वाक्य आत ऐकू आलं. परत आली ती टेबलाशी बसली आणि उरलेल्या तंगड्यांकडे पाहत राहिली. वहिनीकडे पाहणं तिला जमत नव्हतं.

"वन्सं, वाढू?" स्तामेनाने विचारलं.

"एक वाढ," झोर्का म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कुरकुरीत झालीय."

एवढ्यावर ते घर वाचलं. स्तामेना अजून तिथेच आहे, म्हातारा रोज हात धुतो आणि त्याबद्दल रोज कुरकुरतो. ल्युबिंकोने त्याच आठवड्यात एअर फ्रायर घेतला, आणि पथ्याच्या नावाखाली एवढ्या च्वार्त्सी खाल्ल्या की दारिंकाला मोठी गाडी घ्यावी लागली.

आणि तिहोमिर? त्याने त्याच संध्याकाळी सगळ्यांसमोर पत्त्यांचा तो जोड चुलीत घातला. स्तामेनाने हातात सांडशी घेऊन शेवटचा एक्का जळेपर्यंत पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो गाव सोडून समुद्राकडे निघून गेला. शरमेने. आता तिकडे मासे पकडतो, आणि तेव्हापासून त्याने पत्त्याला बोट लावलेलं नाही. मी त्याला चांगला ओळखतो, म्हणून शपथेवर सांगतो.

चल ओब्रेन, उतारी तुझी. असा अंगठ्याकडे काय बघत बसलास? चाटतोस काय, लहान पोरासारखा? पान टाक.

"टाकतो, तिहोमिरकाका," ओब्रेन म्हणाला. "आधी एवढं सांगा, चुलीत जळलेल्या एक्क्याला आलुबुखाऱ्याची चव कशी काय लागते?"