उरलेले चार फूट

गणिताच्या बाईंना पोरं पाठीमागे फूटपट्टीबाई म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वर्गात पोरं चोवीस, संगणकही चोवीस. संगणकावरच्या ठोकळे रचायच्या खेळात पोरांनी आपलाच वर्ग बांधायला घेतला होता. एक ठोकळा म्हणजे एक फूट. पाढे म्हणताना जांभया देणारी हीच कार्टी आता टेप घेऊन भिंती मोजत पळत होती.

मोठ्या बाईंना मात्र हे सगळे थेर वाटत. "उद्या बघायला येते," त्यांनी बजावलं. "एक जरी आकडा चुकला तर संगणक उचलून नेणार, सांगून ठेवते."

आणि आकडा चुकत होता! व्हरांड्यातून मोजला तर वर्ग तीस फूट लांब. भिंतींच्या जाडीचे दोन सोडले, तर आत अठ्ठावीस हवेत. भरत होते चोवीस. चिमणीनं, वर्गातल्या सगळ्यात लहानखुऱ्या पोरीनं, खेळात सरळ फळ्यामागे एक बंद खोली बांधून टाकली.

"अगं, हे काय?"

"मग उरलेले चार फूट कुठे टाकू, बाई?"

बाई हसल्या. शाळा सुटल्यावर त्यांनी स्वतः टेप धरला. मोजमापात त्या आयुष्यात चुकल्या नव्हत्या. चोवीस. पुन्हा मोजलं... चोवीसच. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, तरी फळ्यापाशी गारवा होता. ओल्या पाटीचा वास येत होता, आणि शाळेत पाट्या तर कुणी वापरतच नव्हतं.

चिमणीच्या पडद्यावर त्या बंद खोलीत एक छोटा बाक दिसत होता. भिंतीकडे तोंड केलेला.

"आगाऊ कार्टी!" बाई पुटपुटल्या. टेपच ढिला झाला असणार, हिशेब कसा खोटा असेल? आत अठ्ठावीसच असले पाहिजेत. त्यांनी खेळातली फळ्यामागची भिंत फोडायला घेतली. प्रत्येक ठोकळ्याला टक्... टक्...

शेवटचा ठोकळा गेला. आणखी एक टक् झालं. हे मात्र खऱ्या फळ्यामागून.

"उंदीर," बाई मोठ्यांदा म्हणाल्या, आणि कुलूप लावून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी स्वतःच्या हातानं माप घेतलं. बाहेर तीस, आत अठ्ठावीस. आकड्याला आकडा जुळला! "मानलं बुवा तुम्हाला," त्या म्हणाल्या. "राहू देत संगणक."

बाईंची छाती अभिमानानं फुगली. खडू घ्यायला त्या फळ्याकडे वळल्या. रोज तीन पावलांत यायचा फळा. आज सात पावलं पडली.

वर्गात कळफलकांची टकटक सुरू झाली होती. चोवीसच्या चोवीस. एवढ्यात कुणीतरी त्यांचा पदर ओढला. चिमणी होती, दप्तर अजून पाठीवरच.

"बाई," ती अगदी हळू म्हणाली, "मी कुठे बसू? माझ्या जागेवर कुणीतरी बसलंय..."