अलार्मच्या आधीचा हात

मी गेले होते साध्या सरावालाच. आमच्या अणुवीज केंद्रात नियंत्रण कक्षाची हुबेहूब नक्कल असलेली एक खोली आहे. तिथे खोटे अलार्म वाजवून आमचे हात किती चपळ आहेत ते पाहतात. माझा नवरा ओस्ताप त्यात सगळ्यांना भारी. आम्ही एकाच पाळीत, शेजारच्या खुर्च्यांवर. मी हात उचलेपर्यंत त्याने अणुभट्टी बंद करायचं बटण दाबलेलं असायचं. वर म्हणायचा, "झोपलीस का गं, झोर्याना?"

मागच्या शरदात तो गेला. झोपेतच. मी कामावर होते.

त्या दिवशी दिवे लाल झाले, अलार्म किंचाळला. मी हात पुढे केला... आणि बटण आपोआप आत गेलं. भाजलेल्या सूर्यफुलाच्या बियांचा वास आला. ओस्तापच्या खिशात त्या कायम असायच्या.

काचेपलीकडून आमचे प्रशिक्षक पनास ह्रिहोरोविच म्हणाले, "वा, पोरी. नवऱ्यालाही मागे टाकलंस."

मी पुन्हा सराव मागून घेतला. मग पुन्हा.

"इतकी हौस? घरी कुणी वाट बघत नाही वाटतं तुझी..." पनास म्हणाले, आणि स्वतःच ओशाळले.

पुढे पुढे मी हात मांडीवर ठेवून नुसती बसायचे. त्या वासासाठी.

एका सकाळी पनास बाहेर आले. चेहरा उतरलेला. "झोर्याना, मी अजून अलार्म वाजवलाच नव्हता... तू बटण कसं दाबलंस?"

"मी नाही दाबलं."

त्यांनी खोलीला कुलूप लावलं.

गेल्या मंगळवारी दुपारी मी खऱ्या नियंत्रण कक्षात होते. सगळे काटे जागच्या जागी. शेजारी नवा सहकारी मिरोन सासूची नक्कल करत होता. आमच्या देखत बटण आत गेलं. भट्टी थंडावू लागली.

"तू...?" मिरोनने विचारलं.

मी दोन्ही हातांतला चहाचा पेला दाखवला.

चार दिवस सगळ्यांनी शोधलं. कुठेच बिघाड सापडला नाही. वरून हुकूम आला, सोमवारी भट्टी सुरू करा.

"तो उगाच घाई करत नाही," मी म्हटलं.

"कोण?" मिरोन म्हणाला.

आज रविवार. मी बंद भट्टीच्या नियंत्रण फलकासमोर बसले होते. दाबायला काही उरलंच नव्हतं. मनात म्हटलं, आता तरी बस ना जरा शेजारी. तेव्हा मनगटावर हात आला. उबदार, त्याचाच. मला खुर्चीतून उठवू लागला. दाराकडे...

मी उठले नाही. बाहेर पडले की तो सोडून देईल, असं वाटलं.

तो ओढतच राहिला.