दिवस मावळायच्या आत

दिवस मावळला आणि ब्राह्मी आली नाही, तेव्हाच मला कळलं. फोन नंतर आला.

आम्ही नवरा-बायको पुण्याहून बेळगावला सायकलवरून परत येत होतो. खाण्याचे डबे माझ्या सायकलला असायचे, म्हणून मी पुढे येऊन निपाणीजवळ अंबुबाईच्या चहाच्या गाड्यावर थांबलो होतो. ब्राह्मी जैन घरातली. दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायची नाही. चाक पंक्चर झालं असतं तरी ती कुणाच्या टेम्पोत बसून जेवायला पोचली असती. मी तिचा डबा उघडून ठेवला होता. उजेड गेला. मी रस्त्याकडे बघत तसाच बसलो... मग पोलिसांनी फोनवर सांगितलं. कागलजवळ ट्रकचा धक्का लागला, जागेवरच गेली.

डबा झाकायला गेलो, तर त्यातली एक शेंगापोळी संपली होती. मीच खाल्ली असेल, असं धरलं.

आमची ओळखही खाण्यावरूनच झालेली. तवंदी घाटाच्या माथ्यावर भुरभुर पाऊस होता. मी पोटऱ्या धरून बसलो होतो आणि उकडलेला बटाटा मीठ लावून खात होतो. समोर एक सायकल थांबली.

“गोळं आल्यात व्हय?” तिनं विचारलं.

“लई.”

“भूक लागल्यावर खाताय तुम्ही. लांब जायचं असलं की भूक लागायच्या आधी खायचं असतंय. थोडं थोडं.” तिनं शेंगापोळीचा तुकडा पुढे केला. मी बटाटा पुढे केला.

“नको. जमिनीखालचं आम्ही खात न्हाय.”

“आणि शेंगा काय झाडाला लोंबत्यात?”

ती हसली. “शेंगा चालत्यात. आईनं सांगितलंय.”

“तुमच्या आईला भेटाय पायजे एकदा.”

“एवढ्यात?” म्हणाली, आणि मान खाली घालून बाटलीतलं गूळ-मिठाचं पाणी हलवत राहिली. तिच्या कानाच्या पाळीवर पावसाचा थेंब होता. तो मला अजून दिसतो.

पुढच्या फेऱ्यांत मीही दिवस मावळायच्या आत जेवायला लागलो. संकेश्वरला ती म्हणाली, “तुम्हाला सक्ती न्हाय. तुम्ही रात्री खावा की.”

“एकटं जेवायला नको वाटतंय.”

“आजच्यापुरतं — का जन्मभर?”

“...जन्मभर.”

ती डब्याचं झाकण लावत राहिली. लागतच नव्हतं ते.

ती गेल्यावरही मी सायकल सोडली नाही. डबे दोन भरायचो. दिवस कलला की तिचा डबा उघडून शेजारी ठेवायचो. चाकातली हवा बघून वळेपर्यंत पोळी कमी झालेली असायची. वाटलं, मीच खातोय आणि विसरतोय. मग एकदा तिच्या डब्यात पोळीशेजारी उकडलेला बटाटा ठेवला. मी खात असेन तर बटाटा आधी जाणार.

पोळी गेली. बटाटा तसाच होता.

अंबुबाईला मी काही विचारलं नव्हतं. तीच म्हणाली, “अण्णा, तुम्ही जेवाय बसला की हितली कुत्री जवळ येत न्हाईत बघा आता. लांबनंच बघत्यात.”

ब्राह्मीच्या भावाला, सन्मतीला, मी हे सांगितलं. तो हसला नाही.

“दाजी, आमच्यात गेलेल्या माणसाला पान वाढत न्हाईत. जीव लगेच पुढच्या जन्माला जातोय. तुम्ही रोज हाक मारल्यागत डबा उघडताय. ती जाणार कशी?”

“उपाशी ऱ्हायली तर?”

“हितं ऱ्हायली तर उपाशीच की.”

त्याचं मला पटलं. पण मी जैन नव्हे, बेळगावातल्या वडगावचा. आमच्यात गेलेल्याला पान वाढतात आणि कावळा शिवायची वाट बघतात. मला दुसरं येत नाही.

गेल्या खेपेला ठरवून एकच डबा नेला. ती आली की जा म्हणायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं. गाड्यासमोरच्या बाकावर बसलो. ऊन पिवळं झालं, मग तांबडं. शेजारची फळी थोडी वाकली, कुणी अलगद बसल्यासारखी. मी तिकडे बघितलं नाही. माझाच डबा उघडला आणि मधे सरकवला.

ब्राह्मीला जा म्हणायचं अजून राहिलं आहे.